कंसातली विहीर

माझे वडील मेंढपाळ. त्यांची कुठलीच गोष्ट सरळ चालत नसे. सालाचा आकडा ते कधी सांगत नसत, मेंढी सांगत: लंगडी मेली ते साल, काळी करमाडच्या बाजारातून एकटीच घरी आली ते साल. मग ती काळी कुणाचं ऐकायची, कुणाला ढुशी द्यायची, हे ओघानं आलंच. आम्हा पोरांना मूळ गोष्टीपेक्षा ही आडवाटच गोड लागायची. थोरल्या चुलत्यांना मात्र तिचा भारी राग. "मुद्द्याचं बोल," हे त्यांचं पालुपद.

दुष्काळात कारखान्यांसाठी जमिनी मोजायला सरकारी माणसं आली. आमच्या सामाईक शेतात वडिलांनी खणलेली विहीर होती, आणि आसपास पाणी असं तेवढंच उरलं होतं. साहेबांनी विचारलं, विहीर कोणी खणली, कधी?

"काळी करमाडहून एकटी आली ना, त्याच साली," वडील म्हणाले. "लई शहाणी मेंढी, सायब. तिनं काय केलं..."

"ह्यो दिसभर मेंढीच सांगल," चुलते मध्येच म्हणाले. "लिहा, इहीर माझी. मीच खणली."

साहेबांना घाई होती. त्यांनी तसंच लिहून घेतलं. त्या उन्हाळ्यात चुलत्यांनी आमच्या मेंढ्यांना विहिरीवर फिरकू दिलं नाही. वडिलांनी कळप विकला आणि ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. चुलत्यांना सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

पुढं शहर आमच्या गावापर्यंत येऊन पोचलं. चुलत्यांनी बंगला बांधला आणि पंचाहत्तरीला त्यांना मानपत्र हवंसं झालं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून ते लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी अगदी मन लावून लिहिलं, ठिकठिकाणी कंस घालून. (कंस फार गुणी. अंग चोरून येतो आणि हवं ते बोलून जातो.) दाखवायला नेलं तेव्हा चुलत्यांनी भराभर नजर फिरवली.

"कंसातलं कोण वाचतंय?" ते म्हणाले. "बाकी झकास झालंय. कार्यक्रमात तूच वाच."

हॉल गच्च भरला होता. "दुष्काळात पाणी असलेली एकमेव विहीर यांच्या नावावर आहे," मी वाचलं. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी थांबले आणि मग कंस वाचला: "ती यांच्या धाकट्या भावानं एकट्यानं खणली, काळी मेंढी करमाडहून परतली त्या साली. त्याच भावाच्या मेंढ्यांचं पाणी यांनी तोडलं."

मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "व्हय. खणणाऱ्याला भाकर म्याच नेत व्हते. पाय सुजला व्हता त्याचा, तरी उतरायचा." शेजारचा म्हातारा म्हणाला, "हे थोरलं तर तिथं कधी दिसलंच नाय." हळूहळू सगळा हॉल बोलू लागला.

चुलते मांडीवरचा नारळ आणि खांद्यावरची शाल सांभाळत माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही, गारगार वाटलं.

"पुरे कर," ते हळूच म्हणाले.

मी पान उलटलं. अजून नऊ कंस बाकी होते.