रिटर्नमधली पेन्शन

नवरा गेल्यानंतर दोन वर्षं मी सरकारची निराधार पेन्शन घेत होते, हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी धाकट्या दिरांनी सगळ्या नातेवाइकांसमोर शब्द दिला होता, "वहिनीला कुणाच्या दारात जावं लागणार न्हाय. मी हाय." सुरुवातीला त्यांनी तो पाळलाही. मग त्यांच्या टेम्पोला गोदामांचं काम मिळेनासं झालं. मी दिघाशीला त्यांच्या घरी दोनदा जाऊन अडचण सांगितली. दोन्ही वेळा तांदळाची पिशवी मिळाली आणि "पुढच्या महिन्यात बघू" असं उत्तर. त्यानंतर मी दिघाशीला गेले नाही, तहसील कचेरीत गेले. मला आधार द्यायला कुणी नाही, असं तिथे सांगितलं.

पुढे एका गोदामात बिलिंगची नोकरी लागली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेने माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न मागितलं. म्हणून मी निजामपुऱ्यातल्या चाचांकडे गेले. माझा नवरा त्यांच्या पॉवरलूमवर फिटर होता. लूम भंगारात विकल्यावर चाचा घराच्या पुढच्या खोलीत लोकांची रिटर्न भरून देऊ लागले. सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ते बोलायचेही मोठ्याने.

बाकावर गर्दी होती. माझा नंबर आला तेवढ्यात दीर आत शिरले. नवीन टेम्पोच्या लोनसाठी त्यांनाही रिटर्न हवं होतं. आम्ही दोघं हसलो, त्यांनी मुलीची चौकशी केली.

चाचा माझं पासबुक बघत होते. "बेटी, हे दर महिन्याला सरकारचं काय येतं?"

"पेन्शन," मी हळू म्हणाले.

"कसली?"

मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मग मला मोठ्याने बोलावं लागलं. "विधवांची. निराधार पेन्शन, चाचा."

बाकावरच्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. चाचांच्या उशिरा लक्षात आलं. आवाज खाली आणून ते म्हणाले की टॅक्स काही लागणार नाही, पण आलेला पैसा दाखवलेला बरा, आणि आता पगार सुरू झालाय तर पेन्शन बंद करून घे. त्यांचा खालचा आवाजही दारापर्यंत पोचत होता.

दीर म्हणाले, "वहिनी, मला सांगायचं होतं ना."

मी सांगितलं होतं. ते त्यांनाही आठवलं असावं, कारण बोलून झाल्यावर ते मान खाली घालून गुडघे चोळत बसले.

"राहून गेलं, भाऊजी," मी म्हणाले.

टेम्पो रस्त्यात लावलाय म्हणून ते उठून गेले. माझं काम होईपर्यंत परत आले नाहीत. नंतर घरीही आले नाहीत. रिक्षात बसल्यावर माझे कान तापले होते. चारचौघांत तो शब्द उच्चारावा लागला याची लाज होतीच. पण दिरांची मान खाली गेली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं, त्याची जास्त वाटत होती. ज्या माणसाने माझ्या नवऱ्याला खांदा दिला, त्याला खाली बघायला लागलं आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी मेथी निवडताना मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

खात्याला नंबर तिचा दिलेला, हे मी विसरूनच गेले होते. बँकेचे मेसेज तिच्याच मोबाइलवर येत, आणि ती वाचून पुसून टाकी. मी मात्र दर वेळी ब्लाउज शिवायच्या ऑर्डरचे पैसे आले म्हणून सांगायचे. कुठली ऑर्डर, कुणाचं लग्न, सगळं रचून.

"मग विचारलं का नाहीस?"

"पैसे यायचे त्या दिवशी तू बोंबील आणायचीस, खुशीत असायचीस. कशाला विचारू?"

एवढं म्हणून ती निवडलेली मेथी उचलून आत गेली.

त्याच आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तहसील कचेरीत पेन्शन बंद करण्याचा अर्ज दिला. बाबूने तो दोनदा वाचला आणि कारण विचारलं. नोकरी लागली, मी म्हणाले. मागे बायकांची रांग होती. पूर्वी मी त्याच रांगेत उभी राहायचे, पण त्या दिवशी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडायची मला घाई झाली होती. तेवढ्यात एका म्हातारीने माझा पदर धरला.

"पेन्शन बंद करतान का गो?" ती घाबरली होती.

"नाही आजी, फक्त माझी. मीच केली."

तिने मला नीट न्याहाळलं. "मंग आता कोन हाय का तुला?"

"मुलगी आहे," मी म्हणाले, आणि तिच्याजवळ थोडा वेळ उभी राहिले.