फौजीचे रविवार

फौजीचं त्या शिवणवाल्या बाईकडे काहीतरी आहे, ही बातमी सगळ्यात आधी दूधवाल्याला कळली आणि सगळ्यात शेवटी फौजीच्या बायकोला. अशा बातम्यांचा रस्ताच तसा असतो. पुरावाही पक्का. दर रविवारी सकाळी फौजी भाजीची पिशवी घेऊन बाईच्या घरी जायचा आणि त्याचे पॉलिश केलेले बूट टाचेला टाच लावून दाराबाहेर उभे राहायचे. चोरून जाणारा माणूस निदान बूट तरी आत घेतो. या बेट्याने ते परेडला लावलेले!

बायको म्हणाली, "भाजी जाऊ दे हो तिकडे. पिशव्या तेवढ्या परत आणत जा, घरात एक धड उरली नाही." म्हणाली गमतीनंच, पण पाठ फिरवून.

बाई म्हणजे फौजीच्या पलटणीतल्या जिवलग दोस्ताची विधवा. दोस्ताने सीमेवर जीव सोडला तो फौजीच्या समोर, हे गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तर चघळायला जास्त गोडी.

पेन्शन घेतलेली माणसं बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात, नाहीतर मेहुण्याच्या धंद्यात पैसा बुडवतात. हा गडी चाळिशी उलटल्यावर नर्सिंग कॉलेजात जाऊन बसला. वर्गातल्या पोरी त्याला काका म्हणायच्या. पलंग लावायच्या तासाला त्याने चादर अशी ताणून बसवली, की ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "काका, आता पेशंटने आत शिरायचं कुठून?" वर्ग खिदळला, फौजीही हसला. हसायला त्याला तेवढीच जागा होती.

मग रक्तस्राव थांबवण्याचा तास आला. मॅडम म्हणाल्या, "दाबलं की दुखतं. पेशंट शिव्या देईल, पाया पडेल, आईची शपथ घालेल. ऐकायचं नाही. नुसतं बघायला म्हणूनसुद्धा हात उचलायचा नाही." एकेकीने पुढे येऊन रबरी पुतळ्याची मांडी दाबली. फौजीची पाळी आली आणि त्याचे हात हवेतच राहिले.

"काका, पुतळाय तो. ओरडणार नाही," मागून एक पोरगी म्हणाली.

"तेच तर," फौजी पुटपुटला.

मॅडमना वाटलं, माणूस रक्ताला बिचकतो. त्यांनी त्याला वॉर्डात चादरी आणि बेडपॅन एवढ्यावरच ठेवला. मॅडमनी सांगितलेलं त्याला पलटणीतही शिकवलं होतं, घोटून घेतलं होतं. इतकी वर्षं तो स्वतःची समजूत घालत आला होता, की दोस्ताला गोळी वर्मी लागली होती, हात ठेवला काय न ठेवला काय, सारखंच. ही समजूत दिवसा बरी चालायची. शिवणाच्या मशीनची खडखड ऐकली की बंद पडायची.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक किराणा दुकानदार आले. जांघेतल्या नसेतून नळी घालून त्यांच्या हृदयाची तपासणी झाली होती. पाय हलवायचा नाही, असं बजावून ठेवलं होतं; पण शेठ ते! गल्ल्यावर नोकर एकटा बसलाय म्हटल्यावर फोन घ्यायला उठलेच. शेजारच्या पलंगाची चादर बदलणाऱ्या फौजीने पाहिलं, तर शेठच्या पायजम्यावर लाल डाग आणि तो बघता बघता पसरतोय. हातमोजे हातात होतेच. त्याने "सिस्टर!" अशी हाक मारली आणि सगळं वजन टाकून जखम दाबली.

"अरे सोड! भलत्याच जागी काय दाबतोयस? लाज आहे का काही?" शेठ ओरडले. मग एक कचकचीत शिवी. मग आवाज खाली आला. "सोड रे बाबा. पाया पडतो तुझ्या. थोडा वेळ तरी सोड."

दोस्तानेही हाच क्रम धरला होता. आधी शिवी, मग विनवणी.

फौजीने हात उचलला नाही. सिस्टर धावत आल्या, डॉक्टरांना निरोप गेला. "मी धरते, सोडा आता," असं सिस्टरने म्हटलं तरी त्याचे हात निघेनात; शेवटी त्यांनी एकेक बोट सोडवून आपला हात सरकवला.

शेठ वाचले आणि वॉर्डभर सांगत सुटले, "नर्स कसला, पैलवान पाळलाय यांनी!" मॅडम म्हणाल्या, "काका, जमलं की हो तुम्हाला!"

फौजी बेसिनपाशी हात धूत राहिला. जमलं, हेच तर वाईट होतं. जमतं, म्हणजे तेव्हाही जमलं असतं.

रविवारी तो भाजी न घेताच गेला. दाराबाहेर एक बूट उभा, दुसरा आडवा.

बाई शाळेच्या शर्टांना बाह्या लावत होती. "काय भावजी, आज मंडई बंद का?"

"वहिनी, त्याच्या जखमेवर माझा हात होता."

मशीन चालूच.

"तो सोड म्हणाला. दुखतंय म्हणाला. मी सोडला. सोडायचा नसतो. मला माहीत होतं."

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आणि इतकी वर्षं भाजी आणत होतात?"

"हो."

ती उठली. खुंटीवरून घड्या घातलेल्या पिशव्यांचा गठ्ठा काढून तिने त्याच्या हातात दिला. "पुढच्या रविवारी येऊ नका, भावजी."

"आणि त्यानंतर?"

"बोलवावंसं वाटलं तर निरोप धाडीन. वाटलं तर."

घरी बायकोने पिशव्या मोजल्या नाहीत. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढचा रविवार बुटांशिवाय गेला. दूधवाल्याने निदान केलं, "फिसकटलं!" गल्लीने मान डोलावली.

खरं एवढंच होतं. बाईचा नवरा कसा गेला, हे सांगायला तो दर रविवारी जात होता, आणि न सांगता भाजी ठेवून परत येत होता.