पाठमोरी अकरा घरं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेंटर राहतो. शिंप्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मला मोठी अक्षरंच तेवढी वाचता येतात, म्हणजे माझं जे काही वाचन झालं ते त्याच्याच कृपेनं.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. अक्काचं एकच मागणं, "डोंगरावरचं आपलं घर एकदा बघायचंय." तिथे गाडी जात नाही, दिवसभराचा चढ, आणि आमचे गुडघे साध्या जिन्यालाही हात जोडतात.

मी पेंटरला गाठलं. "चित्र काढशील का रे?"

"आजी, मी अक्षरं काढतो. डोंगर कधी काढला नाही."

"मग सोपंच आहे. वेडावाकडा आला तरी डोंगरच दिसतो."

मी सांगायचे, तो प्लायवूडच्या फळीवर काढायचा. अकरा घरं, मागे कडा, पुढे दरी, कडेला झरा. शिंप्याच्या पाटीतला उरलेला निळा रंग आभाळाला लागला.

चित्र अक्कापुढे धरलं. ती नाक टेकेल इतकी जवळ गेली. म्हणाली, "छान आहे. कुणाचं गाव?"

माझं तोंड एवढंसं झालं. पेंटर मात्र तिच्याशेजारी बसला. "मोठ्या आजी, काय चुकलं?"

"अरे, दरीकडे दारं कोण ठेवतं? वारा घुसून भांडी नाचवील. आमची दारं कड्याकडे. इकडून नुसत्या पाठी दिसायच्या."

मी सहा वर्षांची असताना तिथून निघाले. घरं मोजून आठवत होती, दारं नाही. आणि पेंटरनं जन्मभर दुकानांची तोंडं रंगवलेली! "गिऱ्हाइकाकडे पाठ करून कोण बसतं, असं वाटलं मला," म्हणत त्यानं कपाळावर हात मारला आणि डबा उघडला. कडीकोयंड्यासकट काढलेली अकरा दारं एकेक करून मातकट रंगाच्या जाड थराखाली बुजवली.

शेवटचं दार गेलं तशी अक्का पुढे सरकली. "हे आपलं! झऱ्याजवळचं!" बोट थेट ओल्या रंगात.

"अगं, बिघडवलंस!" मी ओरडले.

"राहू द्या," पेंटर म्हणाला. "सही झाली."

आता अक्काला दिसत नाही. रोज सकाळी ती फळीवर हात फिरवून तो बोटाचा खळगा शोधते. पेंटर जाता-येता खिडकीतून विचारतो, "मोठ्या आजी, घर आहे ना जागेवर?"

"आहे रे बाबा!"

तेवढं ऐकलं की माझे हात आपोआप जुळतात. गुडघे मात्र अजून कुरकुरतातच.