सोन्यानं धरलेलं लिंबू

सोन्याचं नाव काढलं की आमच्या दुकानदार घरात सगळे कान टवकारतात. माझं सोनं मात्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. पीएचडीसाठी अंबाजोगाईच्या कॉलेजात मी सोन्याच्या मोजक्या अणूंचे पुंजके तयार करत होते. अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरला की त्यांचं द्रावण लालभडक उजळतं. एक जहाल रसायन टाकलं की उजेड विझत जातो. सोबत सीताफळाचा अर्क असला तर बराचसा टिकतो. जितका उजेड टिकला, तितकी फळाची अँटिऑक्सिडंट ताकद, म्हणजे हवेनं काळं पडणं, खराब होणं थोपवायची ताकद.

सीताफळं डोंगरातली, घरीच पिकत घातलेली. गर काढायचं काम आईचं. पुरणाच्या चाळणीवर ती अशा सफाईनं बिया वेगळ्या करायची की मला स्वतःच्या हातांची लाज वाटावी.

पहिल्या दोन खेपांचे आकडे जुळले. तिसरीचा भलताच वर गेला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "असं असेल तर या पद्धतीवर विश्वास कसा ठेवायचा? विषय बदलावा लागेल." दोन वर्षं पाण्यात जाणार होती. माझा राग नाकावरच असतो. घरी येऊन आदळआपट केली.

आई शांतपणे म्हणाली, "परवाचा गर काळा पडाया लागला व्हता. अर्धं लिंबू पिळलं मी."

"कावून पिळलं पण?"

"कावून म्हंजी? लिंबानं काळं पडत न्हाई, एवढं बी ठावं न्हाई व्हय तुला?"

ते काळं पडणं थोपवणं हाच तर माझा विषय होता, आणि तो आई मला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी एकाच गराचे दोन भाग केले, एकात लिंबू पिळलं. बिनलिंबाचा आकडा पहिल्या दोन खेपांशी तंतोतंत जुळला, लिंबाचा थेट तिसरीच्या शेजारी. माझ्या सोन्यानं अर्धं लिंबू धरलं होतं! एवढा अभिमान मला दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

सरांना आकडे दाखवायचे त्या दिवशी आईही एसटीत बसली, ऐकेचना. मी तोंड उघडायच्या आत तिनं सरांपुढे हात जोडले. "सर, चूक माझी हाय. पोरीचं काम बंद करू नका."

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. "ताई, तुमची चूक हिच्या पद्धतीनं धरली. म्हणूनच तर काम चालू राहणार."

परतीच्या गाडीत आई शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्यानं सांगत होती, "माझ्या पोरीनं माझी चोरी पकडली!"