शोभाताईंच्या सुया

कळमन्याच्या वळणावर ट्रकनं शोभाताईंची, मला हे काम शिकवणाऱ्या माझ्या वरिष्ठ सहकारी, त्यांची स्कूटर फरफटत नेली आणि त्या जागीच गेल्या, हे त्यांच्या भाचीनं, वैशूनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत डासाचं पोट उघडत होते. महिना उलटला, तरी त्या ट्रकवाल्याला धरून बदडावं असं अजून वाटतं. असं रागावणं मला ताईंनीच शिकवलं.

आमचं काम हिवतापाचं. एकेका औषधाला न जुमानणारे जंतू वेगवेगळे वाढवायचे, रक्तात मिसळून डासांच्या माद्यांना पाजायचे आणि आठवड्यानं त्यांची पोटं उघडायची. जंतू आत वाढला असेल, तर पोटाच्या भिंतीवर बारीक फोड दिसतात. असा डास पुढे दुसऱ्याला आजार देतो. ताई मादीला नळीत घेऊन ती तळहातावर आपटायच्या आणि दोन सुयांनी एका ओढीत आतडं बाहेर काढायच्या. दर डासामागे शिवी ठरलेली, "मर, भवाने!" मी नवी होते, मला हसू यायचं.

पहिल्याच महिन्यात हसू जिरलं. दिवसभर एकाही पोटात फोड दिसेना. माझ्याच हातून पोटं बिघडली असं समजून, बोलणी नकोत म्हणून, मी सगळ्या काचपट्ट्या धुऊन टाकल्या. ताईंनी फाडकन कानाखाली वाजवली.

"काहून धुतल्या वं?"

"ताई, काहीच नव्हतं त्यात."

"काही नाही, हेच त पाहून राहिलो ना आपण! औषधानं नाही मेला, तो डासात मेला. अन् तू ते नळाखाली धुतलं!"

हातातला ट्रे त्यांनी भिंतीवर भिरकावला. मी रडले, मग त्याही रडल्या. त्यांचा धाकटा भाऊ, वैशूचा बाप, हिवतापानं गेला होता. औषधाचे सगळे डोस पोटात जाऊनही झटके येत होते, तो पलंगावर आदळत होता, तोंड रक्तानं भरलं होतं... ताईंनी वॉर्डाच्या खिडकीची काच मुठीनं फोडली. तो व्रण त्यांच्या हातावर शेवटपर्यंत होता.

"त्याले मारणारा जंतू डासातच मरते का दुसऱ्याच्या घरात जाते, एवढंच मले पाहाचं हाय," त्या म्हणाल्या.

मी धुतलेला प्रयोग पुन्हा केला. पोटं खरंच रिकामी होती. त्या औषधाला पुरून उरलेला जंतू डासात पांगळा पडत होता. ताईंनी आनंदानं टेबल बडवून बडवून हात लाल केले. मग भावाला दिलेल्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची पाळी आली. पहिलं पोट उघडलं... फोडच फोड. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. ताई उठल्या आणि लाकडी स्टूल त्याचा पाय मोडेपर्यंत दारावर आपटत राहिल्या. मला त्यांची भीती वाटली, आणि फार माया आली.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी हजर. "लिही," म्हणाल्या, "फोड हायेत. दिसलं तेच लिहाचं. खोटं लिहून माह्या भावाले न्याय नाही भेटत."

तेरावं झाल्यावर वैशू एक डबी घेऊन आली. आत बांबूच्या काड्यांत बसवलेल्या दोन सुया होत्या. "आत्याच्या हायेत. तुमच्याजवळ राहू द्या."

आज त्याच सुयांनी, ताईंच्या भावाला दिलेल्या त्याच औषधाला पुरून उरलेल्या जंतूसाठी, पोट उघडलं. फोडांनी भरलेलं. क्षणभर हात नळाकडे गेला... गाल चुरचुरला. मी वहीत लिहिलं, 'फोड आहेत.' मग दार लावून घेतलं आणि ते मोडकं स्टूल लाथेनं भिंतीवर उडवलं.