दिरांची माणसं

भिजवलेले वाल सोलायला बसले, की सालांच्या उग्र वासासरशी लग्नानंतरची बदलापुरातली एक दुपार आठवते. धाकटे दीर लढाईच्या दिवसांत फौजेच्या स्वयंपाकघरात कामाला लागून कराचीला गेले आणि तिकडेच तापानं वारले, असं मला सांगितलं होतं. त्या दुपारी उल्हासनगरच्या फाळणीतल्या निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई पापड विकायला आली. उन्हानं दमलेली दिसली म्हणून सासूबाईंनी तिला ओटीवर बसवून भात आणि वालाचं बिरडं वाढलं. पहिल्याच घासाला ती रडू लागली. "मेरा आदमी ऐसा ही बनाता था. बोलता था, बदलापूर में माँ ने सिखाया. दंगे में मारा गया." सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला. इतक्यात सासरे बाहेर आले. "आमचा मुलगा आम्हाला कधीच मेला. ऊठ!" परजातीत लग्न केलं म्हणून त्यांनीच मुलाच्या नावानं अंघोळ केली होती, हे मला तेव्हा कळलं. ती बाई भरल्या ताटावरून उठून गेली. आठवड्याभरानं सासूबाई मला घेऊन, पापडवालीचा पत्ता विचारत विचारत, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेल्या. बराकीतली शेजारीण म्हणाली, "वो तो चली गई, दोनों बच्चियों को लेके. कहाँ, पता नहीं." सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. "दोन मुली," एवढंच म्हणाल्या. आज त्या नाहीत, सासरेही नाहीत. पण उल्हासनगरच्या बाजारात माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान सिंधी बाई दिसली, की मी अजून तिच्या चेहऱ्यात सासूबाईंचं नाक शोधते.