यंदा घरात तळण नाही

जालन्याहून टेंभुर्णीची एसटी सुटली तेव्हा मांडीवर करंज्यांचा डबा होता आणि खिडकीची काच काही केल्या बंद होईना. आईशिवाय गावी निघण्याची ही माझी पहिलीच वेळ. यंदाच्या पावसाळ्यात पुण्याला माझ्या घरी ती वारली आणि तिकडेच तिचं दफन झालं. टेंभुर्णीच्या घराला तेव्हापासून कुलूप आहे. शेजारच्या शांताकाकूंकडे बुद्धजयंती, आमच्याकडे नाताळ. डबे दोन्हीकडून चालायचे. आईचा नाताळचा डबा यंदा चुकू नये, एवढ्यासाठी मी निघाले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस, मधूनच हिरवा हरभरा. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी डब्याकडे बघून विचारलं, "लेकीकडं चालल्या का?"

"नाही, माहेरी."

"मंग बराबर. माय वाट पाहत असंल."

मी हो म्हटलं. भर गाडीत खरं कुठे सांगत बसणार? पुढे एका खड्ड्यात डबा उडाला आणि काही करंज्यांचा भुगा झाला. आई असती तर ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिली नसती. मी नुसतं झाकण दाबून धरलं.

टेंभुर्णीला उतरून थेट शांताकाकूंच्या ओसरीवर गेले. काकूंनी मला जवळ घेतलं, पाणी दिलं. डबा पुढे केला तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

"घरीच तळल्या?"

"हो काकू. सगळ्या मीच केल्या."

"माय गेली त्या साली घरात तळण करत न्हाईत, पोरी. शेजाऱ्यानं आणून द्यायचं असतं. कुणी सांगितलं न्हाई?"

कोण सांगणार? सांगणारीच गेली होती. "आमच्यात असं काही नसतं," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. एवढ्या लांबून आणलेलं नको म्हटल्याचा राग आला होता.

"आमचे हे गेल्ते तव्हा तुह्या मायनं वर्षभर सणाचं आणून दिलं. ती न्हाई म्हणली कधी, आमच्यात नसतं म्हणून."

काकू आत गेल्या आणि फडक्याने झाकलेली बांबूची दुरडी घेऊन आल्या. करंज्या, शेव, शंकरपाळे.

"तू येशील का न्हाई, माहीत नव्हतं. कुलपाकडं बघू बघू तळलं. मला मातीला येता आलं न्हाई, एवढं तरी करू दे. तुहा डबा पुढच्या साली आण, मंग घेईन."

मी दुरडी घेतली. घेताना हात अवघडले.

परतीच्या गाडीत गव्हाणीजवळची येशूची आई मरिया आठवली. नाताळात आपण बाळ येशूसाठी दुरून भेटी घेऊन आलेल्या मागी लोकांच्या दानाबद्दल ऐकतो. मरियेने मात्र परक्यांनी आणलेलं नुसतं घेतलं. परत काय दिलं, याचा कुठे उल्लेख नाही. आई आयुष्यभर देत राहिली आणि मीही देणंच तेवढं शिकले. घेण्यासाठीही मन नमवावं लागतं, हे मला काकूंच्या ओसरीवर कळलं.

जालना जवळ आलं तेव्हा दुरडीतली एक करंजी तोंडात टाकली. सारणात किंचित मीठ होतं. आई घालायची, माझ्या हातून ते दरवर्षी राहतं. काकू तिच्याकडूनच शिकल्या असणार. दफनाच्या वेळी मला रडू आलं नव्हतं, ते त्या गाडीत आलं. देवाचे आभार मानायचे होते, पण तोंडात आईची करंजी होती.